पडलेल्यावर वार

शनिवार, ४ मार्च

आमच्या टेबलावर वाद झाला की शेवटचा शब्द माझा असतो. पण तो शब्द लोक सोयीने विसरतात आणि पुढच्या शनिवारी "तू असं म्हणालीच नव्हतीस" असं मलाच ऐकवतात. म्हणून आजपासून सगळं लिहून ठेवणार आहे.

परवा ऑफिसातल्या एकीने विचारलं, दर शनिवारी दुपारी तुम्ही करता तरी काय? तिला सांगितलं तेच इथे लिहिते. टेबलाभोवती चार माणसं बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला सूत्रधार म्हणायचं. ती मी. बाकीचे एकेक पात्र घेऊन गोष्टीत शिरतात. मी म्हणते, समोर दरी आहे. ते म्हणतात, उडी मारतो. लढाई आली की फासे टाकायचे आणि कोणाला किती लागलं ते नियमांच्या पुस्तकातून ठरवायचं. ती म्हणाली, "म्हणजे मोठ्या माणसांची भातुकली!" मी गाडी चालवण्याची परीक्षा घेते, आणि पुढच्या महिन्यात तिच्या मुलाची परीक्षा माझ्याकडे आहे. बघू.

टेबलावर आहेत केमिस्ट (गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे), मास्तर (गणिताच्या शिकवण्या घेतात, बेरीज मात्र बोटांवर करतात) आणि माझा नवरा, जो आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि शनिवारी तलवार घेऊन फिरतो. पुस्तकातला लढाईचा भाग ज्याने लिहिला त्याला गाडी पकडायची घाई असावी. एकेका वाक्यावर तासभर भांडता येतं. त्यासाठी आमची पद्धत ठरलेली आहे. वाद झाला की मी दोन्ही बाजू ऐकून निर्णय द्यायचा, तो कार्डावर लिहायचा आणि कार्ड फ्रिजवर लावायचं. एकदा फ्रिजवर गेलेला निर्णय बदलत नाही. आणि ज्याचं पात्र मेलं त्याची खुर्ची गोष्ट संपेपर्यंत भिंतीला लागते. आमची ही गोष्ट दोन वर्षं चालली आहे, अजून अर्धीही झालेली नाही.

आज पाचवी खुर्ची मांडावी लागली. माझी नणंद. चौतिशीची बाई, पण घरात अजून चिमीच. गेल्या महिन्यात एक बॅग घेऊन आली आणि "थोडे दिवस राहते" म्हणाली. थोडे म्हणजे किती हे मी विचारणार होते, तर नवऱ्याने डोळे वटारले. तिला माझी खेळाची खोली दिली आहे. माझे नकाशे आणि हाताने रंगवलेले पुतळे आता तिच्या पलंगाखाली खोक्यात पडलेत.

"घेऊ या ना गं तिला," नवरा म्हणाला. "दिवसभर घरात बसून असते."

तिने नावाडीण घेतली, हातात वल्हं. पहिल्याच लढाईत दरोडेखोर चालून आले. मी विचारलं, काय करणार?

"मी खाली पडते," ती म्हणाली.

"पडते म्हणजे?"

"पडून राहते. हलत नाही."

मास्तर एवढे हसले की त्यांचा चहा सांडला. मी पुस्तक काढलं. त्यात लिहिलं आहे: 'जो लढवय्या जमिनीवर पडून राहील तो त्या फेरीपुरता लढाईत नाही असे समजावे.' नवरा म्हणाला, झालं, लढाईत नाही म्हणजे तिला कोणी मारू शकत नाही. नवीन माणूस म्हणून मी सोडून दिलं. दरोडेखोर तिच्या अंगावरून ओलांडून गेले.

मंगळवार, ७ मार्च

सकाळी एका मुलीला नापास केलं. गाडी छान चालवली, पण वळताना आरशात पाहिलंच नाही. "पाहिलं होतं हो, फक्त मान नाही वळवली," म्हणून रडत होती. मान वळलेली मला दिसली पाहिजे. मनातलं मी कुठून वाचू?

घरी आले तर मी दार उघडायच्या आतच चिमीने चहा टाकलेला. म्हणाली, "वहिनी, आज दमलात ना तुम्ही." मी विचारलं, कशावरून? तर म्हणे किल्ली लावण्याच्या आवाजावरून कळतं. अशी माणसं मला आवडत नाहीत. घरात राहायचं तर राहावं, कान लावून कशाला बसायचं? दादा आला, शेजारी आले, पोस्टमन आला, सगळं हिला जिन्यातल्या पावलांवरून कळतं. जेवते ती उभ्यानेच. फ्रिज उघडायचा तरी विचारते.

आली त्याच दिवशी तिने एक गोष्ट मागितली होती. "वहिनी, ह्यांना इथला पत्ता देऊ नका." हे घर आम्ही गेल्या वर्षी घेतलं, तेव्हापासून तिचा नवरा कधी आलेला नाही. तो डेंटिस्ट आहे, स्वभावाने शांत, लग्नात सगळ्या म्हाताऱ्यांना हात धरून पायऱ्या उतरवत होता. मी विचारलं, का? काय झालंय? तर म्हणाली, "काही नाही." काही नाही तर मग पत्ता का नाही? पण मी हो म्हटलं. मला घरात तोंडं वाकडी नको होती.

शनिवार, ११ मार्च

आज पुन्हा तेच. नदीच्या उतारावर तिघांना शत्रूने घेरलं आणि ही बाई पहिल्याच फेरीला जमिनीवर. दुसऱ्या फेरीलाही. तिसऱ्या फेरीपर्यंत नवरा, केमिस्ट, मास्तर तिघेही बेशुद्ध. मी मनातल्या मनात गोष्ट आटोपायला घेतली होती. तेवढ्यात शत्रूची पाठ वळली, आणि चिमी म्हणाली, आता मी उठते. एकेकाला ओढत नावेत घातलं आणि वल्हं मारून पार. मी दोन आठवडे खपून रचलेली लढाई अशी गेली.

टाळ्या! मास्तर उठून उभे राहिले. नवऱ्याचे डोळे भरून आले, माझ्या एकाही लढाईत ते भरलेले नाहीत.

केमिस्टने विचारलं, "तुला हे सुचलं कसं गं?"

"पडून राहिलं ना, की ते कंटाळतात," ती म्हणाली. "मग थांबतात. मधे हललं तर मात्र पुन्हा सुरू होतं."

केमिस्ट आपल्या फाशांकडे बघत बसला. मी म्हटलं, युक्ती म्हणून चांगली आहे, पण ही लढाई नव्हे, ही पळवाट आहे. ती लगेच "सॉरी वहिनी" म्हणाली. तिला सॉरी म्हणायला निमित्त लागत नाही. परवा खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला म्हणाली.

बुधवार, १५ मार्च

दोन संध्याकाळी लढाईचा भाग नीट वाचला आणि आता माझ्या मनात शंका उरलेली नाही. 'लढाईत नाही' म्हणजे त्याला पाळी मिळणार नाही, एवढंच. त्याला लागणार नाही असं कुठे लिहिलंय? मी रोज परीक्षेला येणाऱ्यांना सांगते, गाडी उभी केलीत म्हणजे ती रस्त्यावर नाही असं होत नाही. उभ्या गाडीलाही कोणी मागून येऊन ठोकू शकतं. उलट उभ्या गाडीला ठोकणं सोपं. तेव्हा पडलेल्यावर वार करणाऱ्याला एक फासा जास्त मिळायला हवा, हेही ओघानेच आलं.

नवऱ्याला जेवताना हे समजावून सांगितलं. तो पालथा घडा.

"अगं, खेळू दे ना तिला," म्हणाला. "पहिल्यांदा हसताना बघतोय तिला."

"मी कुठे नाही म्हणते? नियमात राहून खेळू दे."

"मग शनिवारी सुरुवातीलाच तिला सांग, म्हणजे झालं."

बघू म्हटलं. वाद टेबलावर निघाला की निर्णय द्यायचा ही पद्धत आहे. वाद निघायच्या आधीच निर्णय देत सुटले तर वादाला काय अर्थ राहिला? असं लिहिलं खरं, पण खरं सांगायचं तर मला तिचा चेहरा बघायचा आहे. दोन शनिवारांत माझ्या टेबलाची राणी होऊन बसली. आयत्या बिळावर नागोबा.

शनिवार, १८ मार्च

सुरुवातीला काही बोलले नाही.

आज गुहेतलं जनावर होतं. एकच, पण थोराड. त्याचा पुतळा मीच रंगवला होता. तो काढायला मला माझ्याच खोलीचं दार वाजवावं लागलं. जनावर बाहेर आलं आणि चिमी म्हणाली, "मी खाली पडते." आवाजात चक्क मजा होती. मास्तरांनी हसून तिच्या पुतळ्याला बोटाने आडवं केलं.

मी म्हटलं, "ठीक. जनावर तुझ्याकडे येतं आणि मारतं."

"पण मी पडलेय."

"म्हणूनच."

मग मी वाक्य वाचून दाखवलं, उभ्या गाडीचं उदाहरण दिलं. केमिस्ट म्हणाला, "हे आधी सांगायला हवं होतं. तिने वेगळं काही केलं असतं." मी म्हटलं, वाद आत्ता निघाला, निर्णय आत्ता. मास्तर म्हणाले, वाक्याचा तुमचा अर्थ बरोबर असेलही, पण पहिल्या दिवशी आपण उलट खेळलो, त्याचं काय? मी म्हटलं, ते कार्डावर आहे का? नव्हतं. मास्तरांना कागदाबाहेरचं गणित जमत नाही.

मी जास्तीचा फासा घेतला आणि टाकला. माझे फासे धातूचे आहेत, टेबलावर जोरात वाजतात. आणि चिमीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. टेबलावरच्या पुतळीने नव्हे, खुद्द तिने. कोपरं चेहऱ्यासमोर, हनुवटी छातीत, आणि खुर्चीवरून घसरत घसरत खाली, टेबलाच्या पायाशी. आवाज नाही, काही नाही. नुसती गोळा होऊन पडलेली.

नवरा धावला. "चिमे, अगं मी आहे, दादा," असं तिच्या कानाशी बोलत होता, पण तिला हात लावत नव्हता. केमिस्टने माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही.

हार मानवत नसली की माणसं काय काय नाटकं करतात! पोरंसोरं परीक्षेत नापास झाली की स्टिअरिंगवर डोकं टेकून बसतात, ते मी रोज बघते. फेरी पुरी व्हायची होती. मी उरलेले दोन फासे टाकले. नावाडीण मेली. कार्ड लिहून फ्रिजवर लावलं: 'पडलेल्यावर वार करता येतो. एक फासा जास्त.' तिची खुर्ची मी स्वतः उचलून भिंतीला लावली, कारण बाकी कोणी जागचं हललं नाही.

रविवार, १९ मार्च

नवरा अबोला धरून बसला आहे. तो अबोला धरतो तेव्हा भांडी फार आपटतो. आज तेही नाही, कपसुद्धा अलगद ठेवतो.

चिमी दुपारी माझ्याकडे आली. "वहिनी, माझ्यामुळे तुमचा डाव बिघडला. मला तसं करायचं नव्हतं." मी मोठ्या मनाने म्हटलं, होतं असं, विसर आता. तिने सगळे कप पुन्हा घासले. धुतलेलेच होते.

संध्याकाळी नवरा शेवटी बोलला. "तुला खरंच काही कळलं नाही?"

"काय कळायचं होतं?"

"ती तशी का पडली."

"तिने सांगितलं तर कळेल. तुला सांगितलंय का?"

"नाही. पण डोळ्यांना दिसतं ना गं!"

मी म्हटलं, न बोललेलं मी धरत नाही. ज्याला जे म्हणायचं आहे ते त्याने स्वच्छ शब्दांत म्हणावं. तो चपला घालून निघून गेला. खरं म्हणजे मलाही दिसलं होतं, मी काही आंधळी नाही. पण दिसलं म्हटलं की मग तिला ठेवून घ्यावं लागतं. थोडे दिवस नाही, कायमचं.

गुरुवार, २३ मार्च

आज परीक्षेच्या मैदानावर बाकावर एक ओळखीचा चेहरा. चिमीचा नवरा! परीक्षेला आलेल्या पोरांमध्ये गुडघे जुळवून, हातात हात धरून बसला होता. मी मोकळी होईपर्यंत थांबला. इतकी नीटनेटकी माणसं हल्ली बघायला मिळत नाहीत. नखं कशी स्वच्छ.

"वहिनी, तुम्हाला त्रास देतोय," म्हणाला. "ती कुठे आहे एवढंच कळलं तरी मला झोप लागेल. तुमच्याकडे आहे का?"

मी म्हटलं, "तुमचं काय झालंय तिच्याशी?"

"माझंच चुकलं असेल. ती हळवी आहे, तुम्ही जाणताच. मी थोडा शिस्तीचा माणूस. तुम्हालाही बोलत असतील लोक, शिस्तीची म्हणून."

बोलतात. ते याला कसं कळलं? मला फार बरं वाटलं, ते का लपवू? गेल्या कित्येक महिन्यांत माझ्याशी कोणी असं बोललेलं नाही. चिमीला दिलेला शब्द मी विसरले नव्हते. पण एकाच बाजूचं ऐकून निर्णय देणं माझ्या रक्तात नाही, आणि दुसरी बाजू समोर बसून सरळ विचारत होती. पत्ता दिला. शनिवारी दुपारी या म्हटलं, सगळे असतात.

घरी कोणाला बोलले नाही.

शनिवार, २५ मार्च

डेंटिस्ट ठरल्याप्रमाणे आला. माझ्या नवऱ्याला सकाळीच फोन आला होता, कुठल्याशा बिल्डिंगमध्ये लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, तो तिकडे. केमिस्ट आणि मास्तर आले होते. चिमी स्वयंपाकघरात ब्रेड भाजत होती.

बेल वाजायच्या आधीच तिला कळलं. जिन्यात पावलं वाजली, आणि तिने गॅस बंद केला, हात पुसले आणि ओट्याला पाठ लावून फरशीवर खाली बसली. मी दार उघडायला गेले तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं नाही, तुम्ही पत्ता दिलात का. काहीच विचारलं नाही. बरं झालं.

तो आत आला, सगळ्यांना नमस्कार केला, टेबलावरचे पुतळे वाकून पाहिले आणि मीच रंगवले हे ऐकून थक्क झाला. मग फ्रिजवरची कार्डं एकेक करून वाचली. शेवटच्या कार्डाशी थांबला.

"यात वाद कसला होता?" त्याने विचारलं.

मी पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवलं. तो क्षणभरही थांबला नाही. "बरोबर आहे तुमचं. पडला म्हणून काय झालं? समोरच्याचं मन भरेपर्यंत लढाई संपत नसते."

इतक्या दिवसांत पहिला माणूस ज्याला ते वाक्य एका वाचनात कळलं. मी मास्तरांकडे पाहिलं, की बघा. मास्तर टेबलाकडे बघत होते.

मग तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "चल." एवढंच. ती उठली आणि बॅग भरायला गेली. केमिस्ट मधे उभा राहिला. "चिमी, तुला जायचंय का? नसेल जायचं तर नाही म्हण. आम्ही आहोत इथे."

तिने आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो, जायचंय," म्हणाली.

हो म्हणजे हो. केमिस्टला तेही पटेना. ती दोघं गेल्यावर तो मला म्हणाला, "वहिनी, ती आल्यापासून माझ्या दुकानातून मुका मार लागल्यावर लावायचं मलम नेत होती. दोन महिन्यांत हे टेबल एवढं एकच ठिकाण होतं, जिथे ती मोठ्याने बोलायची." मी म्हटलं, मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत? त्याने आपले फासे पिशवीत भरले आणि गेला. पुन्हा येईल असं दिसत नाही. गेला तर गेला.

माझा नवरा संध्याकाळी आला. रिकामी खोली पाहिली. त्याने विचारलं, पत्ता कोणी दिला? मी म्हटलं, मी. मी खोटं बोलत नाही. तो तसाच ग्रीस लागलेल्या कपड्यांनी उलटपावली तिच्या घरी गेला. परत आला तो एकटाच. चिमीनेच दार उघडलं म्हणे, आणि दारातूनच म्हणाली, "दादा, मी बरी आहे. तू जा." तो जिन्यात बराच वेळ बसून राहिला होता. आत मिक्सरचा आवाज येत होता, म्हणाला. एवढाच आवाज.

मी माझी खोकी पलंगाखालून काढली. पुतळ्यांपैकी एकाचं भाला धरलेलं मनगट मोडलंय. नवरा त्या खोलीत झोपायला आला, मग मला ती पुन्हा आत ठेवावी लागली.

शनिवार, ८ एप्रिल

मागचा शनिवार तसाच गेला. आज मास्तरांनी पुढाकार घेतला, म्हणाले, डाव मोडू नये, खेळलं की मन रमतं. नवरा तयार झाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. दर दोन दिवसांनी बहिणीच्या दाराशी जातो, ती दारातूनच बरी आहे म्हणते, हा परत येतो. मी म्हणते, बरी आहे म्हणते ना? मग?

खेळताना सगळ्यांचे फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवतो. फक्त माझा चालू असतो, ऑफिसचं काही निघालं तर. लढाई ऐन रंगात आलेली, नवऱ्याने महिन्याभरात पहिल्यांदा पुढे वाकून फासे टाकलेले, आणि माझा फोन वाजला. मी स्वयंपाकघरात जाऊन घेतला.

"वहिनी," चिमी. फार हळू बोलत होती. "दादाचा फोन लागत नाहीये. त्याला पाठवता का?"

"का गं? काय झालं?"

"काही नाही. फक्त पाठवा."

"काही नाही ना? डाव चालू आहे. संपला की सांगते."

मागे पाण्याचा नळ चालू होता. "बरं," म्हणाली. "बरं, वहिनी." आणि फोन ठेवला.

मी टेबलावर परत आले. नवऱ्याने विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, ऑफिसमधून. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. तो एवढ्या दिवसांनी माझ्या टेबलावर होता, माझ्याकडे बघत होता, आणि ती नेमकी आत्ताच त्याला हाक मारत होती. लढाई लांबली. चांगली झाली. शेवटचा वार नवऱ्याचा पडला, मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. पुतळे खोक्यात भरून, आतल्या खोलीत ठेवून आल्यावर मी सांगितलं, चिमीचा फोन होता, ये म्हणत होती, काही विशेष नाही.

त्याने चपलासुद्धा घातल्या नाहीत.

रविवार, ९ एप्रिल

ती हॉस्पिटलात आहे. तो पोचायच्या आधीच वरच्या मजल्यावरच्या बाईने दार फोडून घेतलं आणि तिला न्यायला गाडी बोलावली. जबडा दोन ठिकाणी मोडलाय, तारेने बांधलाय. डाव्या डोळ्याचं अजून सांगता येत नाही. कानातून रक्त येत होतं ते थांबलं. डेंटिस्टला पोलिसांनी नेलं, जाताना त्याने हात धुवायला पाणी मागितलं, असं ती वरची बाई कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना सांगत होती. तिला मी विचारलं, आरडाओरडा कधी सुरू झाला? ती म्हणाली, आरडाओरडा नव्हताच, नुसतं काहीतरी पडल्याचे आवाज, दुपारभर, आणि मग शेवटी शेवटी फार.

दुपारभर. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

आम्हाला आत सोडलं तेव्हा ती जागी होती. चेहरा ओळखू येत नव्हता, उजवा डोळा तेवढा तिचा. नवरा तिच्या उशाशी स्टुलावर बसला. बराच वेळ तिच्या चादरीची घडी बोटांनी सारखी करत होता. मग मान वर न करता त्याने मला विचारलं, "तिचा फोन कधी आला होता?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मला अजूनही माहीत नाही.

तेवढ्यात चिमीने हात हलवला. तारेमागून, ओठ न उघडता, एकेक शब्द ढकलत ती म्हणाली, "दादा. अगदी शेवटी केला होता. मी. वहिनींनी लगेच पाठवलं तुला."

तो तिच्या हातावर डोकं ठेवून रडायला लागला. ती त्याच्या केसांवरून हात फिरवत होती आणि त्या एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. त्यात राग नव्हता. माझी किल्ली दारात वाजली की जशी बघायची, तशीच बघत होती. आज वहिनींचं मन कसं आहे, काय केलं म्हणजे त्या शांत राहतील.

मी बाहेर आले. पाण्याच्या मशीनपाशी उभी राहिले आणि कागदी ग्लास हातात चुरगळून टाकला. मला तिचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. कोणी मागितलं होतं तिच्याकडे? तिने नुसतं खरं सांगितलं असतं, तर मी काहीतरी बोलले असते.

आत जाऊन मी काहीच सांगितलं नाही. नवऱ्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "बरं झालं तू लगेच सांगितलंस." मी हो म्हटलं.